तुतारीत कापूस कोणी कोंबला?

मालगुंडला केशवसुतांचं स्मारक आहे. गणपतीपुळ्याला देव बघायला आलेली मंडळी तिकडे वळतात, फोटो काढतात, सुटतात. त्यांना विचारा, 'तुतारी' कशाबद्दल आहे? छाती फुगवून सांगतील : देशभक्ती! तरुणांना स्फूर्ती!

आमच्या शाळेतही तेच. रत्नागिरीतलीच शाळा, नाव कशाला घ्या. संमेलनात 'तुतारी' कोरसमध्ये, वर गुरुजींचं भाषण, की हे इंग्रजांविरुद्ध फुंकलेलं रणशिंग. फळ्यावर काळाच्या डोंगरात लेणी खोदायची ओळ, रंगीत खडूनं. त्याच कवितेतलं समतेचं निशाण मात्र फळ्यावर कधी चढलं नाही.

अरे, कविता वाचा तरी! १८९३ सालची. चढाई साहेबावर नाहीच. धर्माचं स्तोम माजवून नीतीची वाट अडवणारे, जुनं मढं कवटाळून बसलेले, म्हणजे सगळे घरचेच. चढाई त्यांच्या ढोंगावर आहे. ती कोणाच्या ओसरीवर जाऊन थडकते हे यांना बरोबर कळतं. म्हणूनच तुतारीत कापूस कोंबला आणि तिचा बँडबाजा केला.

पटत नसेल तर पाच वर्षं मागे जा. १८८८. कविता 'अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न'. सावलीचा विटाळ होतो म्हणून हाडतुड झालेलं पोर आईला विचारतंय, का? दामल्यांच्या घरात जन्मलेला माणूस हे लिहितो, आणि पुढे समता म्हणतो. तेव्हा त्याला कुठली समता म्हणायचीय, हे सांगायला काय प्राध्यापक लागतो?

आता आपल्यातल्या काहींना. 'बामणाचा कवी, टाका बाजूला' म्हणणं सोपं आहे. तुम्ही टाकला की तो त्यांना फुकटात मिळतो, कापसासकट. पण डोक्यावरही घेऊ नका. तो 'पहिला' प्रश्न त्या पोराचा, आपल्या समाजाचा नव्हे. त्याच सुमारास, याच जिल्ह्यात, दापोलीला पलटणीतून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर विटाळाविरुद्ध लिहीत होते, सवर्णांना जाब विचारत होते. 'दीनबंधू'त त्यांचं लिखाण येत होतं. पोराच्या तोंडून नाही, कोणी कवी मध्ये नाही. अंत्यज स्वतः बोलत होता. त्याचं नाव आमच्या गुरुजींच्या भाषणात एकदाही आलं नाही.

येत्या संमेलनात 'तुतारी' बसवा म्हणाले तर बसवा. पण आधी ती दुसरी कविता म्हणा, त्या पोराची. मग वलंगकर कोण ते माइकवरून सांगा. आणि पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांची तोंडं बघा.