खाते कोणाच्या नावावर?

बँकेत असताना नवे खाते उघडण्यासाठी कोणी समोर येऊन बसले की मी पहिला प्रश्न विचारीत असे : व्यवहार कोणाचा, तुमचा की दुकानाचा? पुष्कळांना हा प्रश्न अनावश्यक वाटे. "साहेब, मी काय आणि दुकान काय, एकच!" असे हसत उत्तर येई. दुकानाचा गल्ला स्वतःच्या बचत खात्यात भरणाऱ्या अशा अनेकांना पुढे कर्ज काढताना, भावाभावांच्या वाटणीत किंवा आयकराच्या नोटिशीला उत्तर देताना त्या प्रश्नाचे मोल कळले. निवृत्तीनंतर या प्रश्नातून आपली सुटका झाली, असे मी समजत होतो. परंतु गेल्या दिवाळीनंतर तो पुन्हा माझ्या दिवाणखान्यात आला. या वेळी खाते बँकेचे नव्हते, इन्स्टाग्रामचे होते.

नाशिकच्या मेन रोड परिसरात साड्यांचा व्यापार करणारे एक कुटुंब माझ्या जुन्या परिचयाचे आहे. दोन भाऊ भागीदार, पेढीला तिसरी पिढी. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि दुकानाचे शटर खाली आले. त्याच वर्षी जुलैमध्ये भारतात इन्स्टाग्रामवर रीलची सोय सुरू झाली. धाकट्या भावाच्या सुनेने घराच्या गॅलरीत साड्या अंगावर घेऊन छोटी चित्रणे करण्यास आरंभ केला. येवल्याची हातमागाची पैठणी मागील बाजूनेही पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते, सुटे धागे लोंबत नाहीत, अशा गोष्टी ती सोप्या मराठीत सांगे. पाच वर्षांत तिचे फॉलोअर चाळीस हजारांच्या वर गेले. लग्नसराईत पुण्या-मुंबईहून येणारी गिऱ्हाइके "रीलमधल्या ताई कुठे आहेत?" असे गल्ल्यावर विचारू लागली.

वाद येथून सुरू झाला. हे खाते तिच्या नावाचे, तिच्या मोबाइल क्रमांकावर उघडलेले आणि क्रिएटर प्रकारचे. थोरल्या भावाचे म्हणणे असे, की साड्या पेढीच्या, दिवे आणि कॅमेरा पेढीच्या पैशाचा, तेव्हा खात्याला पेढीचे नाव द्यावे आणि ते बिझनेस प्रकारात बदलावे. सून मान खाली घालून पण स्पष्टपणे म्हणाली, "बाबूजी, दुकान आपले सर्वांचे आहे. पण लोक माझ्याशी बोलतात. उद्या नाव बदलले तर ते कोणाशी बोलतील?" दोघेही माझ्याकडे पाहू लागले. मी दोन दिवसांचा अवधी मागितला आणि नातवाला शेजारी बसवून आधी हे प्रकरण समजून घेतले.

जे समजले ते वाचकांच्या उपयोगी पडावे म्हणून सांगतो. इन्स्टाग्रामवर मुळात वैयक्तिक खाते असते. त्यापुढे व्यावसायिक खात्याचे दोन प्रकार आहेत. बिझनेस खाते २०१६ मध्ये आले आणि क्रिएटर खाते २०१९ मध्ये. पहिले दुकान, कारखाना, संस्था यांच्यासाठी. दुसरे लेखक, कलावंत, स्वयंपाक शिकवणारी गृहिणी, सल्लागार अशा व्यक्तींसाठी. दोन्ही विनामूल्य आहेत. कोणत्या गावचे, कोणत्या वयाचे लोक आपले चित्रण पाहतात याची आकडेवारी दोन्हींत मिळते आणि पैसे भरून जाहिरातही दोन्हींतून करता येते. मात्र व्यावसायिक खाते खासगी ठेवता येत नाही. ते सर्वांना खुले असते. म्हणून ज्या खात्यावर घरातील मुलाबाळांची छायाचित्रे आहेत, तेच खाते दुकानासाठी वापरू नये.

मग फरक कोठे आहे? बिझनेस खात्यावर दुकानाचा पत्ता, फोन, ई-मेल ठळकपणे लावता येतात. २०२७ च्या सिंहस्थात बाहेरगावचा माणूस नाशिकमध्ये तुमचे दुकान शोधील तेव्हा त्याला हेच हवे असेल. क्रिएटर खात्याची रचना व्यक्तीभोवती असते आणि प्रसिद्ध चित्रपटगीतांचा मोठा संग्रह त्यात उपलब्ध असतो. बिझनेस खात्याला मात्र व्यापारी वापराची परवानगी असलेल्या मोजक्या संगीतावर भागवावे लागते. अनेक तरुण व्यापारी केवळ या गाण्यांसाठी दुकानाचे खाते क्रिएटर म्हणून नोंदवतात. पण परवानगीशिवाय व्यापारी कारणासाठी गाणे वापरू नये, हा कंपनीचा नियम खात्याचा प्रकार बदलल्याने बदलत नाही. दुकानाच्या जाहिरातीला गाजलेले गाणे लावले तर गाण्याच्या मालकाची हरकत येऊ शकते. त्यापेक्षा स्वतःचा आवाज वापरावा. त्या सुनेची चित्रणे लोकांनी ऐकली ती गाण्यासाठी नव्हे, पैठणीच्या माहितीसाठी.

प्रकार केव्हाही बदलता येतो आणि तसे केल्याने फॉलोअर कमी होत नाहीत. परत वैयक्तिक प्रकारात गेल्यास मात्र जमलेली आकडेवारी नाहीशी होते. तेव्हा बिझनेस की क्रिएटर हा प्रश्न तसा दोन मिनिटांचा आहे. थोरल्या भावाचा आणि सुनेचा खरा प्रश्न वेगळा होता : जमलेली ख्याती कोणाची?

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला 'गुडविल' हा शब्द पहिल्याच वर्षी भेटतो. भागीदारी कायदा, १९३२ याच्या कलम १४ प्रमाणे धंद्याची ख्याती ही पेढीची मालमत्ता आहे. परंतु हिशेबाचे मानक क्रमांक २६ असेही सांगते, की स्वतः कमावलेली ख्याती ताळेबंदात मालमत्ता म्हणून दाखवता येत नाही. म्हणजे चाळीस हजार लोकांचा विश्वास धंद्यात आहे, पण वहीत त्याची ओळ नाही, आणि वहीत जे नसते त्यावरूनच घरात भांडणे होतात. त्यात इन्स्टाग्रामच्या अटींनुसार खाते विकता किंवा दुसऱ्याला हस्तांतरित करता येत नाही. वाटणीत दुकानाचा गाळा एकाला आणि माल दुसऱ्याला देता येतो. खात्याचे असे काही करता येत नाही. म्हणून ते सुरुवातीलाच योग्य नावावर असणे आवश्यक आहे.

या दोन खात्यांतील भेद समजण्यासाठी आपल्या शेजारच्या जिल्ह्यातील एक उदाहरण पाहावे. अहिल्यानगर जिल्ह्यातील सारोळा कासार येथील सुमन धामणे या शाळेत न गेलेल्या आजींच्या पाककृती त्यांच्या नातवाने चित्रित केल्या आणि 'आपली आजी' हे यूट्यूब चॅनेल महाराष्ट्रभर पोहोचले. मसाल्यांची विक्री त्यानंतर आली. तेथे आधी माणूस आणि मग माल, असा क्रम होता. साडीच्या पेढीत क्रम उलट आहे : आधी तीन पिढ्यांचा माल आणि मग सुनेचा चेहरा. पहिल्या ठिकाणी क्रिएटर खाते स्वाभाविक ठरते. दुसऱ्या ठिकाणी पेढीचे स्वतंत्र बिझनेस खाते असलेच पाहिजे. याच आजींचे चॅनेल ऑक्टोबर २०२० मध्ये हॅक झाले होते आणि काही दिवसांनी परत मिळाले. वर्षांची मेहनत एका पासवर्डवर उभी असते, हेही त्यातून ध्यानात यावे.

सुनेच्या बाजूचा विचार मात्र पेढीचे खाते उघडल्याने संपत नव्हता. तिला दागिन्यांचे आणि सौंदर्यप्रसाधनांचे दोन व्यापारी वस्तू पाठवून "आमच्याविषयी बोला" म्हणत होते. पेढीच्या खात्यावर परक्याची जाहिरात शोभणार नाही, पण तिच्या स्वतःच्या खात्यावर तिने ती का करू नये? फक्त त्यासोबत जबाबदारी येते, आणि ती घरातल्या कोणीच ऐकलेली नव्हती. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि जानेवारी २०२३ मध्ये इन्फ्लुएन्सर मंडळींसाठी सोप्या भाषेत सूचना दिल्या. मोबदला, फुकट वस्तू, इतकेच नव्हे तर कौटुंबिक नाते असले तरी ते प्रेक्षकाला स्पष्ट सांगावे, असे त्यांत म्हटले आहे. दिशाभूल झाल्यास १० लाख आणि पुन्हा घडल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये आहे. तेव्हा सुनेने "हे आमच्या घरचे दुकान आहे" असे म्हणणे केवळ सौजन्याचे नाही, नियमाचेही आहे. शिवाय १ जुलै २०२२ पासून आयकर कायद्यात अशी तरतूद आली, की धंद्याच्या निमित्ताने एका वर्षात २० हजार रुपयांपेक्षा अधिक किमतीचा लाभ दिल्यास देणाऱ्याने १० टक्के कर कापावा. वस्तू वापरून परत केली तर तो लाभ धरला जात नाही. ठेवून घेतली तर धरला जातो. भेट म्हणून आलेला हारही शेवटी हिशेबात येतो.

दोन दिवसांनी सर्वजण पुन्हा बसले. मी निवाडा दिला नाही. कागदावर तीन ओळी लिहिल्या. सुनेचे क्रिएटर खाते तिच्याच नावावर राहील. पेढीचे नवे बिझनेस खाते पेढीच्या सिमकार्डावर आणि पेढीच्या ई-मेलवर उघडले जाईल. साड्यांची रील दोन्ही खात्यांच्या नावे एकत्र प्रसिद्ध होतील. २०२१ पासून इन्स्टाग्रामवर 'कोलॅब' नावाची ही सोय आहे आणि तीत एकच चित्रण दोन्हीकडे दिसते.

थोरले भाऊ काही वेळ गप्प राहिले. मग त्यांनी विचारले, "आणि तिने उद्या दुसऱ्या दुकानाच्या साड्या दाखवल्या तर?" प्रश्न रास्त होता. मी म्हणालो, "भाईजी, बाहेरच्या माणसाकडून हे काम घेतले असते तर करार केला असता आणि पैसेही दिले असते. पाच वर्षे तिला काय दिले?" खोलीत शांतता पसरली. सुनेच्या सासूबाई दारात उभ्या होत्या; त्या म्हणाल्या, "सकाळचा स्वयंपाक उरकून ती रात्री अकरापर्यंत मेसेजना उत्तरे देते. ते कोणी मोजलेच नाही."

चौथी ओळ थोरल्या भावांनी स्वतः लिहिली : पेढी सुनेला दरमहा मेहनताना देईल, तो बँकेतून जाईल आणि वहीत नोंदला जाईल, त्या बदल्यात ती दुसऱ्या साडीविक्रेत्याची जाहिरात करणार नाही. दोन्ही भागीदारांनी व सुनेने सह्या केल्या. पेढीच्या खात्याचा पासवर्ड आणि राखीव कोड सीलबंद पाकिटात घालून तिजोरीत ठेवले. रोजच्या कामासाठी मेटाच्या बिझनेस सुविधेतून सुनेला अधिकार दिला, म्हणजे पासवर्ड हातोहात फिरवण्याची गरज उरली नाही. बँकेत अधिकृत सहीचा मान देतात, तसाच हा प्रकार आहे.

सर्वच घरांत गोष्ट इतक्या सुखाने मिटत नाही. माझ्या परिचयातील एका भांडी व्यापाऱ्याने खाते उघडण्याचे काम एका होतकरू मुलाला दिले होते. त्याने ते स्वतःच्या मोबाइल क्रमांकावर उघडले आणि वर्षभराने नोकरी सोडून तो परगावी गेला. दुकानाच्या नावाचे ते खाते आजही दिसते, त्यावर गिऱ्हाइकांचे प्रश्न येतात, पण उत्तर देणारा कोणी नाही.

म्हणून वाचकहो, बिझनेस की क्रिएटर हे ठरवण्यापूर्वी आज संध्याकाळी दुकान वाढवल्यावर घरातील तरुण मंडळींना एवढेच विचारा : आपल्या खात्याचा ओटीपी कोणाच्या फोनवर येतो? त्या उत्तरावरून खाते कोणाचे ते कळेल. आणि त्या खात्यासाठी रोज राबणाऱ्याचे नाव आपल्या वहीत कोठे आहे, हेही त्याच बैठकीत पाहून घ्या.