पदकानंतरचे हार आणि पदकापूर्वीचा खर्च

हेलसिंकीच्या ऑलिंपिकमधून १९५२ साली ब्राँझपदक घेऊन परतलेल्या खाशाबा जाधवांची शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, ही हकीकत सातारा जिल्ह्यातील शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्याच खाशाबांना हेलसिंकीला जाण्यासाठी लोकांकडून पैसे जमवावे लागले आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, हीदेखील इतिहासात नोंदलेली गोष्ट आहे. पहिली हकीकत अभिमानाने सांगितली जाते, दुसरी हळहळीने. परंतु या दोन्ही हकीकती एकाच हिशेबाच्या दोन बाजू आहेत, आणि तो हिशेब सत्तर वर्षांनंतरही फारसा बदललेला नाही, याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी बर्लिन येथे कंपाउंड धनुर्विद्येत जगज्जेती झाली. तिचे वडील शिक्षक. मुलीच्या धनुष्यबाणांसाठी व सरावासाठी त्यांना कर्ज काढावे लागले होते, हे तिच्या विजयानंतर वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. त्याच्या आदल्या वर्षी सांगलीच्या संकेत सरगरने बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात वेटलिफ्टिंगचे रौप्यपदक मिळविले. त्याची धाकटी बहीण काजल हिने त्याच वर्षी पंचकुला येथील खेलो इंडिया युवा स्पर्धेत ४० किलो गटात सुवर्णपदक पटकाविले. या भावंडांच्या घरचा चरितार्थ सांगलीतील पानाच्या टपरीवर चालत आला. पदके आल्यावर सत्कार झाले, शासनाने बक्षिसे जाहीर केली, चौकाचौकांत फलक लागले. या कौतुकाबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच आहे की, हा पैसा जेव्हा हवा होता तेव्हा तो कोठे होता?

खेळाडू घडविण्याचा खर्च एकदम येत नाही. तो दरमहा येतो. बूट, आहार, प्रशिक्षकाचे शुल्क, स्पर्धेसाठीचा प्रवास, दुखापतीवरील उपचार अशा लहान लहान रकमा मुलाच्या चौदाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत सतत मोजाव्या लागतात. नेमका हाच काळ नववी ते बारावीचा असतो. दहावीचे क्लास की सरावाची फी, ही निवड प्राथमिक शिक्षकाच्या वा कारकुनाच्या घरात तोंडी चर्चेपुरती राहत नाही. महिन्याच्या अंदाजपत्रकात एक रक्कम घातली की दुसरी काढावी लागते. ज्याला शेतमजुरीवर घर चालवायचे आहे, त्याच्यापुढे तर ही निवडदेखील नसते.

अर्थशास्त्राच्या भाषेत हा जोखमीचा प्रश्न आहे. तालुक्यातील शंभर होतकरू मुलांपैकी एखादेच राष्ट्रीय पातळीवर पोहोचते, आणि ते कोणते हे आरंभी कोणालाच सांगता येत नाही. असा खर्च एका कुटुंबाने कर्ज काढून करणे म्हणजे जुगारच होय. यश आले तर पैसा वसूल होईल. अपयश आले किंवा गुडघा दुखावला, तर हप्ते तेवढे उरतील. संकेत सरगरचे सुवर्णपदक एका किलोने हुकले, ते वजन उचलताना कोपराला झालेल्या दुखापतीमुळे. ही दुखापत दोन वर्षे आधी झाली असती, तर त्याचे नाव कोणाच्या कानावरही आले नसते. जी जोखीम एका घराला पेलत नाही, ती शेकडो घरांत व दुकानांत वाटली तर कोणालाही जड जात नाही. विम्याचे तत्त्व हेच आहे. आजचे पुरस्कर्ते मात्र जोखीम संपल्यानंतर पुढे येतात. व्यापारी दृष्टीने ते स्वाभाविकही आहे, कारण विजेत्याच्या छायाचित्रालाच जाहिरातीत किंमत असते.

शासन काहीच करीत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. खेलो इंडिया योजनेत निवड झालेल्या खेळाडूवर वर्षाला ६ लाख २८ हजार रुपये खर्चाची तरतूद ठरविण्यात आली. त्यापैकी १ लाख २० हजार रुपये थेट हातखर्चासाठी. राज्याच्या क्रीडाप्रबोधिनी आहेत. फलटण तालुक्यातील सरडे गावच्या मजूर कुटुंबातील प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकच्या धनुर्विद्या संघापर्यंत पोहोचला, तो जिल्हा परिषद शाळेतील एका शिक्षकाचे प्रोत्साहन, प्रबोधिनीतील निवास-भोजन आणि पुढे लष्करातील नोकरी या तीन पायऱ्यांवरून. माण तालुक्यातील मोहीची ललिता बाबर रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, तिच्या पाठीशी रेल्वेची नोकरी होती. परंतु ही दारे मुलाने काही करून दाखविल्यानंतरच उघडतात. शाळेच्या मैदानापासून त्या दारापर्यंतची दोन-तीन वर्षे अंधारातच काढावी लागतात. स्थानिक मदतीचे खरे काम तेथे आहे.

अशा मदतीची परंपरा या भागाला नवी नाही. संस्थानिकांचा आश्रय हा तिचा एक प्रकार. गावोगावच्या जत्रांतील कुस्त्यांचा फड हा दुसरा आणि अधिक लोकशाही स्वरूपाचा. फडाचे इनाम गावाच्या वर्गणीतून निघते. मानाच्या कुस्तीला मोठी रक्कम असते, पण पोरासोरांच्या कुस्त्याही रेवड्यांवर लावल्या जातात, आणि पायरीपायरीने इनाम वाढत जाते. पुनवतचे गणपत आंदळकर आणि कवठेपिरानचे मारुती माने हे सांगली जिल्ह्यातील दोन हिंदकेसरी याच वातावरणात वाढले. वर्गणी देणारा शेतकरी कोणत्याही एका मल्लावर पैसे लावीत नव्हता. तो साऱ्या फडाला पोसत होता. या व्यवस्थेतील शहाणपण हेच आहे.

आज स्थानिक दुकानदारांनी व क्लासचालकांनी शालेय खेळाडूंशी जाहिरातीचे करार करावेत, असा विचार पुढे येऊ शकतो. अमेरिकेत २०२१ च्या जुलैपासून महाविद्यालयीन खेळाडूंना आपल्या नावाचा व छायाचित्राचा व्यापारी उपयोग करून पैसे घेण्याची मुभा मिळाली, आणि पुढे अनेक राज्यांनी ती माध्यमिक शाळांतील मुलांनाही दिली. मुलाच्या नावावर मुलाचाच हक्क असावा, हे त्यामागील तत्त्व योग्य आहे. पण बाजार प्रसिद्धीच्या मागे जातो, गरजेच्या नव्हे. आपल्याकडे तो क्रिकेटच्या मागे जाईल. सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधनाला २०२३ च्या महिला प्रीमियर लीगच्या लिलावात ३ कोटी ४० लाखांची बोली लागली. तिच्या कर्तृत्वाचे ते योग्य मोल आहे. परंतु त्याच जिल्ह्यातील वेटलिफ्टिंग करणाऱ्या वा गोळा फेकणाऱ्या मुलीचे छायाचित्र लावून साड्यांचा खप वाढत नाही, म्हणून तिच्या दारात कोणी जाहिरातदार उभा राहणार नाही.

यात कायद्याचाही अडसर आहे. १८७२ च्या करार कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्ती करार करण्यास पात्र नाही, आणि अज्ञानाने केलेला करार मुळातच रद्दबातल ठरतो, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली मोहोरीबीबी खटल्यात निःसंदिग्धपणे सांगितले. म्हणजे सही पालकाची, घाम मुलाचा. कागद वाचण्याची सवय नसलेला पालक पाच-सात वर्षांचे हक्क एका सायकलीच्या किमतीत लिहून देण्याची भीती येथे खरी आहे. शिवाय आपल्या चौकांतील फलकांवर जाहिरात आणि राजकारण यांत अंतर राहिलेले नाही. शाळकरी मुलगी आज दुकानाच्या फलकावर झळकली, तर उद्या ती कोणाच्या वाढदिवसाच्या फलकावर दिसणार नाही, याची हमी कोणी द्यावी?

म्हणून जाहिरात आणि साहाय्य यांत भेद केला पाहिजे. कंपनी कायद्याने तो काही अंशी केलाच आहे. २०१३ च्या कायद्याप्रमाणे मोठ्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते, आणि ग्रामीण व ऑलिंपिक खेळांचे प्रशिक्षण या यादीत आहे. मात्र स्वतःच्या मालाच्या प्रसिद्धीसाठी दिलेले पुरस्कर्तेपण या खर्चात धरता येत नाही. सातारा-सांगलीची अडचण वेगळीच आहे. येथील आर्थिक जीवनाचा कणा सहकारी साखर कारखाने, दूध संघ, पतसंस्था व मध्यम कारखानदार यांचा आहे. सहकारी संस्था कंपनी कायद्याखाली येत नाहीत, आणि लहान कारखानदार नफ्या-उलाढालीच्या त्या मर्यादेपर्यंत पोहोचत नाही. सक्ती नाही, म्हणून जे काही व्हायचे ते स्वेच्छेने व्हावयास हवे.

ते कसे व्हावे? प्रत्येक तालुक्याचा एक क्रीडानिधी असावा आणि देणगीदाराने एका मुलाला नव्हे, तर निधीला पैसे द्यावेत. मुलांची निवड क्रीडाशिक्षक व त्या त्या खेळाचे जाणकार यांनी करावी. देणगीदाराला त्यात मत नसावे. मदत तीन वर्षांची असावी आणि एका स्पर्धेतील पराभवाने ती थांबू नये. पैसा शक्यतो रोख न देता बूट, आहार, प्रवास व उपचार यांची बिले थेट भागवावीत. निम्म्या जागा मुलींसाठी राखाव्यात, कारण घरातला खर्च तोडायची वेळ आली की प्रथम मुलीचा खेळ बंद होतो. दुखापतीचा विमा सक्तीचा असावा. देणगीदारांची नावे शाळेच्या भिंतीवर जरूर लिहावीत. मुलाच्या छातीवर नकोत. आणि दरवर्षीचा हिशेब छापून शाळेच्या फलकावर लावावा, कारण वर्गणीवर चाललेली कामे बहुधा पैशाअभावी नव्हे, विश्वासाअभावी बंद पडतात.

यावर असा आक्षेप येईल की, शंभर मुलांवर खर्च करून नव्वद जण काहीच मिळवून देणार नाहीत. हा आक्षेप शाळेलाही लावता येईल. गणिताच्या वर्गातील सारी मुले गणिती होत नाहीत, म्हणून कोणी गणित बंद करीत नाही. चार वर्षे शिस्तीने मैदानावर घालविलेले मूल पदकावाचून परतले, तरी ते रिकाम्या हाताने परतत नाही. घर कर्जात बुडवून मात्र त्याने परतू नये, एवढी काळजी समाजाने घ्यावी.

खाशाबांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, महाराष्ट्रात राज्य क्रीडादिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी गोळेश्वरच्या या मल्लाच्या प्रतिमेला हार घालताना, त्यांच्यासाठी एका प्राचार्याला घर गहाण ठेवावे लागले होते, हेही आठवावे. खर्डेकरांचे औदार्य थोर होते. पण एखाद्या खेळाडूचे भवितव्य अशा एका माणसाच्या औदार्यावर अवलंबून राहावे, ही समाजाला भूषणावह गोष्ट नव्हे. पुढच्या १५ जानेवारीपर्यंत एका तालुक्याने जरी असा निधी उभारून त्याचा पहिला हिशेब लोकांपुढे ठेवला, तरी खाशाबांच्या स्मृतीला ते अधिक शोभणारे अभिवादन ठरेल.