पीसी म्हातारा झालेला नाही, नीट पुसा आधी!

गेल्या वर्षी सबमिशनच्या आदल्या रात्री आमचा घरचा पीसी व्हिडिओ एडिट करता करता धाडकन बंद पडला. परत चालू केला, दहा मिनिटांत पुन्हा तेच. पंखा इतका घोंघावत होता की आईने आतून विचारलं, "मिक्सर कुणी लावलाय गं?" मी बाबांना सांगून मोकळी झाले, "सात वर्षं झाली याला, आता नवाच घ्यायला लागेल." बाबा काही बोलले नाहीत. गुपचूप मोबाइलवर किमती बघत बसले. ते बघून मला कसंतरीच झालं.

सबमिशन मैत्रिणीच्या लॅपटॉपवर उरकलं. दोन दिवसांनी शेजारच्या दादाने, ज्याला आपण सगळे सीपीयू म्हणतो, त्या खोक्याचं बाजूचं झाकण काढलं. प्रोसेसरच्या पंख्याखाली उशीतल्या कापसासारखी धूळ! हवा जायला जागाच नव्हती. प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवायला आधी वेग कमी करतो, तरी भागलं नाही तर मशिन बंद. आपण मात्र 'व्हायरस आलाय' म्हणून मोकळे.

माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. दिवाळीत माळ्यावरचे डबेसुद्धा घासले जातात, पण पीसीला कुणी हात लावत नाही. आई फडकं घेऊन आली की आपणच ओरडतो, "तू नको हात लावू, बिघडेल!" बरं, आईला लावू देत नाही, तर स्वतः तरी पुसतो का? दसऱ्याला तेवढं की-बोर्डवर झेंडूचं फूल ठेवतो, आणि त्याच्या पाकळ्या पुढच्या दसऱ्यापर्यंत बटणांच्या फटीत राहतात. (आमच्याकडे खरंच निघाल्या. शिवाय चिवड्यातला एक शेंगदाणा.)

काम तासाभराचं आहे. पीसी शट डाउन करा, प्लग काढा, खोकं गॅलरीत न्या. रंगकामाचा कोरडा, मऊ ब्रश पुरतो. पंखा बोटाने धरून ठेवा, फुंकर किंवा ब्लोअर मारताना तो गरागरा फिरू देऊ नका. जिथे वायर लागते तो पॉवर सप्लायचा डबा मात्र अजिबात उघडायचा नाही, प्लग काढल्यावरही त्यात करंट साठलेला असू शकतो. स्क्रीनला चष्म्याचं कापड, डाग असेल तर किंचित ओलं. काचा पुसायचा स्प्रे नको, आणि पाणीसुद्धा थेट स्क्रीनवर मारायचं नाही. की-बोर्ड उलटा करून थोपटा. माउसचा बाण उड्या मारत असेल तर खालच्या भोकात केस अडकलाय का बघा. सगळं पूर्ण वाळल्याशिवाय प्लग लावू नका.

लॅपटॉपवाल्यांनो, वॉरंटी असेल तर उघडू नका. पण गादीवर ठेवून सिरीज बघणं तरी थांबवा, खालच्या जाळ्या बंद होतात त्याने.

पुसून सगळंच सुटतं असं नाही. रॅम कमी असेल तर ब्रश काय करणार? पण पन्नास हजार मागण्याआधी एकदा झाकण काढून बघायला काय हरकत आहे? आमचा पीसी अजून चालू आहे. हा लेखसुद्धा त्याच्यावरच टाइप केलाय, आणि आईने बाजूला चहा ठेवला तेव्हा मी ओरडले नाही.