‘साडेआठ वाजता’ आणि ‘साडेआठ तास’

‘साडेआठ वाजता’ आणि ‘साडेआठ तास’ या दोन शब्दप्रयोगांत मराठी माणसाची सहसा गल्लत होत नाही. पहिल्याने दिवसातील एक क्षण कळतो, दुसऱ्याने कामाचा कालावधी. स्प्रेडशीटच्या सेलमध्ये मात्र हा भेद आपोआप टिकत नाही आणि हजेरीवरून पगारपत्रक तयार करणाऱ्या प्रत्येकाने त्यामागचे कारण समजून घेणे आवश्यक आहे. एक्सेलच्या लेखी पूर्ण दिवस म्हणजे 1, तास म्हणजे त्याचा चोविसावा भाग आणि मिनिट म्हणजे 1,440वा भाग. त्यामुळे सेलमध्ये 8:30 असे दिसत असले तरी आत साठवलेली संख्या सुमारे 0.354 इतकीच असते. ती संख्या घड्याळाच्या रूपात दाखवण्याचे काम फॉरमॅट, म्हणजे सेलला दिलेले दर्शनी रूप, करते.

एखाद्या कामगाराने आठवड्यातील सहा दिवस रोज साडेआठ तास काम केले, तर एकूण 51 तास भरतात. सेलला ‘एच:एमएम’ हे नेहमीचे रूप दिलेले असल्यास बेरजेच्या जागी 3:00 दिसते, कारण हे रूप पूर्ण झालेले दोन दिवस, म्हणजे 48 तास, वगळून उरलेली वेळ तेवढी दाखवते. दिवसाला 9 किंवा आठवड्याला 48 तासांहून अधिक काम झाल्यास जादा तासांची मजुरी दुप्पट दराने द्यावी, हे तत्त्व 1948 च्या कारखाने अधिनियमाने घालून दिले. त्या हिशेबाने या कामगाराचा ओव्हरटाइमही नेमका 3 तासच भरतो. त्यामुळे चुकलेली बेरीज ओव्हरटाइमचा बरोबर आकडा म्हणून सहज खपून जाते आणि तपासणाऱ्याच्या नजरेलाही खटकत नाही. यावरचा उपाय म्हणजे तासांचे अक्षर चौकटी कंसात घालणे: ‘[एच]:एमएम’ या रूपात तास चोविसाच्या पुढेही मोजले जातात आणि 51:00 दिसू लागते. लिबरऑफिस कॅल्कमध्येही कंसाची हीच पद्धत चालते, तर गूगल शीट्समध्ये कालावधीसाठी वेगळे तयार रूपच दिलेले आहे.

रूप सुधारले तरी आतली संख्या बदलत नाही, ती 2.125 च राहते. ताशी 100 रुपये दराने तिला थेट गुणल्यास 5,100 ऐवजी 212.50 रुपये येतात. म्हणून दर लावण्यापूर्वी कालावधीला 24 ने गुणून त्याचे दशांश तास करणे अनिवार्य आहे.

दुसरी चूक मराठी लेखनाच्या सवयीतूनच येते. ‘सकाळी 8.30 वाजता’ असे टिंब देऊन वेळ लिहिण्याचा प्रघात छापील मजकुरात रूढ आहे, परंतु सेलमध्ये 8.30 ही दशांश संख्या ठरते आणि तासांत तिचा अर्थ 8 तास 18 मिनिटे इतकाच होतो. रोजची 12 मिनिटे अशी गळाली, तर सहा दिवसांत 1 तास 12 मिनिटे बुडतात. ती सर्व ओव्हरटाइमची असल्याने दुप्पट दराचे नुकसान कामगाराला सोसावे लागते. त्यामुळे वेळ नोंदवताना टिंबाऐवजी विसर्गचिन्हासारखे अपूर्णविराम चिन्हच वापरले पाहिजे. हजेरी यंत्रातून घेतलेल्या फाइलमध्ये वेळ अनेकदा मजकूर म्हणून उतरते, सेलच्या डाव्या कडेला चिकटते आणि ‘सम’ हे बेरजेचे फंक्शन तिला मोजतच नाही. तेव्हा आधी तिचे संख्येत रूपांतर करावे लागते.

रात्रपाळीची अडचण वेगळी आहे. रात्री 22:00 ला आलेला कामगार सकाळी 6:00 ला सुटतो, तेव्हा सुटण्याच्या वेळेतून येण्याची वेळ वजा केल्यास उत्तर ऋण येते आणि सेलभर ##### उमटते. ही खूण घालवण्यासाठी 1904 पासूनची दिनांकपद्धत निवडण्याचा मोह टाळावा, कारण दोन पद्धतींच्या फाइलींत दिनांकांची देवघेव झाली की ते 1,462 दिवसांनी सरकू शकतात. त्याऐवजी त्या वजाबाकीला 1 ने भागून बाकी देणारे ‘मॉड’ फंक्शन लावावे. ते मध्यरात्र ओलांडल्याचा दिवस हिशेबात धरून 8 तास हे योग्य उत्तर देते. तसेच दिवसाचे अपूर्णांक संगणकात नेमके मावत नसल्याने, 9 तास ओलांडले की नाही हे ठरवण्यापूर्वी कालावधी पूर्ण मिनिटांत आणून घेणे हितावह ठरते.

पगारपत्रकाची प्रत्येक नवी फाइल वापरात आणण्यापूर्वी तिच्यात एक चाचणीची ओळ भरावी: सहा वेळा 8:30 आणि ताशी दर 100 रुपये. एकूण कालावधी 51:00, दशांश तास 51.00, ओव्हरटाइम 3:00 आणि दुप्पट दर धरून मजुरी 5,400 रुपये, हे चारही आकडे बरोबर आल्याखेरीज त्या फाइलमधून एकाही कामगाराची वेतनचिठ्ठी काढू नये.