साथीच्या काळातले गावचे बोलणे
सामुदायिक रेडिओचा आवाज साधारण दहा-पंधरा किलोमीटरच्या टापूत ऐकू येतो आणि त्यावर बोलणारे बहुतेक त्याच टापूतले असतात. केंद्र सरकारच्या 2006च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना अशी केंद्रे चालवण्याची मुभा दिली. साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातले, म्हसवडचे ‘माणदेशी तरंग’ त्यांपैकीच एक.

मार्च 2020मध्ये कोरोनाच्या साथीमुळे टाळेबंदी लागली. आठवडी बाजार बंद पडले, पारावरची बैठक मोडली. अशा वेळी ओळखीच्या बोलीत, ओळखीच्या माणसाने सांगितलेल्या माहितीचे मोल वाढते. अफवेला उत्तर द्यायलाही तोच आवाज कामी येतो.

मात्र 2006च्या याच धोरणाने राजकीय स्वरूपाच्या कार्यक्रमांना मनाई केली आहे. आरोग्याच्या सूचना, पाणी-विजेच्या वेळा, हवामान एवढे चालते. पण रेशन कोणाला मिळाले नाही, विलगीकरणासाठी शाळा का उघडली नाही, हे विचारले की आरोग्याचा विषय राजकारणाचा होतो. साथीत ही सीमारेषा टिकतच नाही. राज्यातल्या हजारो ग्रामपंचायतींच्या साथीमुळे लांबलेल्या निवडणुका 15 जानेवारी 2021 रोजी झाल्या. सभांवर निर्बंध होते, तरीही गावच्या रेडिओवर उमेदवारांना समोरासमोर बसवून प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. मतदारांचे हे मोठे नुकसान होते.

ग्रामपंचायतीच्या कारभारापुरती तरी ही मनाई केंद्र सरकारने उठवावी.