डबे लातूरचे, विद्या कोणाची?

महाराष्ट्रातील मेट्रोगाड्यांची जन्मस्थाने तपासून पाहिली, तर एक मौजेची यादी तयार होते. मुंबईत २०१४ साली वर्सोवा-घाटकोपर मार्गावर धावू लागलेल्या गाड्या चीनमधून आल्या, नागपूरच्याही तेथूनच. दहिसर-अंधेरीच्या गाड्या बंगळूरच्या, पुण्याच्या बऱ्याचशा बंगालमधील उत्तरपाऱ्याच्या आणि कुलाबा-आरे भुयारी मार्गाच्या आंध्रातील श्री सिटीच्या. या यादीत लातूरचे नाव नाही.

वस्तुतः ते असावे, अशी अपेक्षा निर्माण करण्यात आली होती. ३१ मार्च २०१८ रोजी लातूरला रेल्वे डब्यांच्या कारखान्याचे भूमिपूजन झाले, तेव्हा राज्यातील शहरांसाठी मेट्रोचे डबेही येथेच घडतील, असे सांगितले गेले. सुमारे पाचशे कोटी रुपये खर्चून उभारलेल्या या कारखान्यातून २५ डिसेंबर २०२० रोजी डब्याचा पहिला सांगाडा बाहेर पडला. वर्षाला २५० डबे ही त्याची प्रारंभीची क्षमता. त्यानंतर बराच काळ तो जवळपास निष्क्रिय राहिला. २०२३ साली रेल विकास निगम व रशियातील ट्रान्समॅशहोल्डिंग यांच्या संयुक्त कंपनीशी शयनयान वंदे भारतच्या १२० गाड्यांचा करार झाला, तेव्हा कोठे त्याला काम मिळाले. करारानंतर डब्यांची संख्या, स्वच्छतागृहे, स्वयंपाकघर यांविषयी घोळ सुरू झाला, तो निराळाच.

काम मिळाले हे चांगलेच झाले. तथापि नव्या पिढीची गाडी म्हणजे चकाकणारा सांगाडा नव्हे. पत्र्याचे कवच जोडणे हे त्यातील तुलनेने सोपे काम. गाडीचे खरे मोल डब्यांच्या तळाशी बसविलेल्या मोटारींत, ब्रेक लावताच वीज तारेकडे परत पाठविणाऱ्या यंत्रणेत आणि रेडिओ-लहरींवरून गाडीचा वेग व अंतर राखणाऱ्या नियंत्रणात असते. चालकाने केवळ देखरेख करावी, इतके काम आज हे नियंत्रण करते. ही विद्या लातूरला कितपत येणार, हा प्रश्न कोणी विचारीत नाही; नोकऱ्या किती, एवढेच विचारले जाते.

याच करारात गाड्यांच्या देखभालीची मुदत ३५ वर्षे आहे. ३५ वर्षे म्हणजे एका माणसाची संपूर्ण नोकरी! परंतु देखभालीचे आगार ठरले जोधपूर, दिल्ली व बंगळूर येथे. डबे घडविण्याचे काम मात्र ठराविक वर्षांत आटोपणार. त्यानंतर लातूरच्या शेडमध्ये काय करायचे, याचे उत्तर आजच शोधले पाहिजे आणि ते पुन्हा मेट्रोकडेच जाते. पुणे, नागपूर, मुंबई येथील जाळी अद्याप वाढत आहेत आणि त्या संस्थांत राज्य शासनाचा वाटा वा संपूर्ण मालकी आहे. निविदेच्या अटी लिहिताना लातूरचा विचार करणे शासनाला अशक्य नाही. मेट्रोचे रूळ बहुधा १,४३५ मिलिमीटर रुंदीचे आणि भारतीय रेल्वेचे १,६७६. त्यामुळे चाकांचे गाडे व चाचणीचा मार्ग वेगळा लागेल. ही अडचण खरी, पण ती खर्चाची आहे, ज्ञानाची नव्हे.

ज्ञानाच्या बाजूने मराठवाडा रिता नाही. नांदेडचे गुरू गोविंदसिंहजी अभियांत्रिकी महाविद्यालय १९८१ पासून उभे आहे आणि स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ १९९४ पासून. लातूरला 'कोचिंग' या शब्दाचा एक अर्थ फार पूर्वीपासून ठाऊक आहे. तेथे घडलेली मुले पुणे, बंगळूर गाठतात आणि बहुधा परतत नाहीत. वीज-मोटारी व संदेशयंत्रणा यांचा अभ्यासक्रम कारखान्याच्या साहाय्याने नांदेड-लातुरात सुरू झाला, तर त्यांतील काहींना परतण्याचे कारण मिळेल.

पण ते ये-जा करणार कसे? लातूर मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात, तर नांदेड हे स्वतःच दक्षिण मध्य रेल्वेच्या एका विभागाचे ठाणे. मराठवाड्यातील दोन शेजारी शहरांचे वेळापत्रक दोन दारांत ठरते. ऑगस्ट २०२५ पासून मुंबईची वंदे भारत नांदेडपर्यंत येऊ लागली. मात्र नांदेडहून रेल्वेने लातूर गाठायचे, तर आजही परभणी, परळी, लातूर रोड असा वळसा घ्यावा लागतो.