गाय शिरली तर कोंडवाडा, टॉवर शिरला तर राष्ट्रकार्य



शेजाऱ्याची गाय दावं तोडून आपल्या पऱ्हाटीत शिरली तर काय करायचे, हे अमरावती-अकोल्यातल्या कोणत्याही पोराला ठाऊक आहे. गाय धरायची आणि कोंडवाड्यात नेऊन घालायची. मालक येतो, दंड भरतो, गाय सोडवून नेतो. यासाठी इंग्रजांनी १८७१ साली खास कायदा केला. राज्य परक्याचे होते, पण त्या कायद्याने कास्तकाराला एक मोठी गोष्ट दिली. आपल्या वावरात न विचारता शिरलेल्या जनावराला स्वतः धरण्याचा हक्क दिला.

चौदा वर्षांनी, १८८५ साली, त्याच इंग्रजांनी तारेचा कायदा केला. संदेशाची तार ओढायची, खांब रोवायचे, तर सरकारचा माणूस कोणाच्याही जमिनीत शिरेल, मालकाला विचारण्याचे कारण नाही, असे त्यात लिहिले. गरिबाच्या गायीला कोंडवाडा आणि सरकारच्या तारेला मोकळे रान, हा न्याय तेव्हापासूनचा आहे.

इंग्रज गेला. तारही गेली. २०१३ च्या जुलैत सरकारने देशातली तारसेवा बंद केली. २०२३ साली संसदेने नवा दूरसंचार कायदा केला आणि १८८५ चा कायदा मोडीत काढायचे ठरवले. तेव्हा तरी आमच्या वावरावरचे हे भूत उतरायला हवे होते. पण नव्या कायद्यात एक कलम हळूच घालून ठेवले आहे. जुना कायदा रद्द झाला तरी त्याचा तिसरा भाग विजेच्या मोठ्या लाइनी टाकण्यासाठी चालूच राहील, असे ते कलम सांगते. तार मेली, कायदा मेला, पण आमच्या वावरात घुसण्याचा हक्क तेवढा जिवंत ठेवला!

तारेचा कायदा विजेला कसा लागला, ते समजून घ्या. २००३ च्या वीज कायद्यात १६४ वे कलम आहे. सरकारने एक आदेश काढला की तारखात्याचे सगळे अधिकार वीज वाहून नेणाऱ्याला मिळतात. तो सरकारी असो की खासगी कंपनी असो. म्हणजे राणीच्या तारखात्याला जो अधिकार होता, तो आज नफ्यासाठी धंदा करणाऱ्याच्या खिशात जाऊन बसतो. त्याच वीज कायद्याखाली २००६ साली नियम झाले. त्यात लिहिले आहे की काम करण्याआधी जमिनीच्या मालकाची किंवा वहिवाटदाराची संमती घ्यावी. वाचून बरे वाटते. पण १६४ चा आदेश हाती असला की ती संमती लागत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१६ च्या डिसेंबरात एका खटल्यात तसेच सांगितले. उजव्या हाताने लिहिलेली संमती डाव्या हाताने पुसून टाकली.

आणि याच जुन्या कायद्यातली ही गंमत पाहा. खांब जर नगरपालिकेच्या किंवा दुसऱ्या स्थानिक संस्थेच्या जागेत रोवायचा असेल, तर त्या संस्थेची परवानगी लागते. हे कलम १० मध्येच लिहिलेले आहे. नगरपालिकेच्या उकिरड्याच्या जागेला विचारावे लागते. सातबाऱ्यावर ज्याचे नाव आहे त्या कास्तकाराला विचारावे लागत नाही. यापेक्षा उघडा अपमान आणखी कोणता असतो?

आता वावरात काय होते ते पाहू. कोणत्या एका कंपनीचे नाव घेण्याचे कारण नाही, रीत सगळीकडे सारखीच आहे. तिरोड्याहून कोराडी, अकोला करत औरंगाबादकडे (आता छत्रपती संभाजीनगर) ७६५ केव्हीची लाइन गेली. तिच्याशिवाय ४००, २२० आणि १३२ केव्हीच्या लाइनींचे जाळे आपल्या दोन्ही जिल्ह्यांत आहे. लाइन येणार हे आम्हाला पुष्कळदा धुऱ्यावर चुन्याची खूण दिसल्यावर कळते. मग पोकलेन येते. पऱ्हाटीला पात्या-फुले लागलेली असोत, तूर कंबरेला आलेली असो, ज्वारी पोटऱ्यात असो, यंत्राला हंगाम कळत नाही. पाऊस पडून गेलेल्या काळ्या मातीवरून टिप्पर गेला की माती दगडासारखी दबते. पुढच्या साली त्या पट्ट्यात वखर उड्या मारतो. पायव्यासाठी खोल खणतात, खालचा मुरूम आणि चोपण वर येते, वरची कसदार माती खाली गाडली जाते. पूर्णेच्या खारपाण पट्ट्यात खालची माती वर आली म्हणजे काय होते, ते तिथल्या कास्तकाराला सांगावे लागत नाही. धुरे फुटतात, पाणी जायची वाट बुजते, सिमेंटचे गोळे तासात पडून राहतात. पंचनामा झालाच तर तो उभ्या पिकाचा होतो. जमिनीच्या मोडलेल्या कण्याचा पंचनामा कोण करतो?

यावर साहेब म्हणतात, "आम्ही तुमची जमीन घेत नाही, फक्त वापरतो." कायद्याची भाषाही तीच आहे, मालकी तुमची, वापर आमचा. सातबारा तुमच्याच नावावर राहील. ऐकायला गोड आहे. पण या गोड बोलण्यातच डाव आहे. जमीन घेतली असती तर भूसंपादन म्हणावे लागले असते आणि मोबदलाही भूसंपादनाचा द्यावा लागला असता. 'फक्त वापर' म्हटले की तो प्रश्नच मिटतो.

हा 'फक्त वापर' किती जागेचा असतो, त्याचा हिशोब करू. २२० केव्हीच्या लाइनीखाली ३५ मीटर रुंदीचा पट्टा धरला जातो. ७६५ केव्हीच्या दुहेरी लाइनीखाली ६७ मीटर. वावरात ती लाइन २०० मीटर लांब गेली तर १३,४०० चौरस मीटर, म्हणजे सव्वातीन एकराहून जास्त जागा तिच्या सावलीत जाते. पाच-सहा एकरांच्या कोरडवाहू कास्तकाराचे अर्धे वावर झाले. त्या पट्ट्यात उंच झाड लावायचे नाही, गोठा किंवा घर बांधायचे नाही. बोअरची गाडी आणायची तर दहादा विचार करायचा. कडब्याची गंजी रचताना वर पाहत राहायचे. उद्या पोरीच्या लग्नाला किंवा दवाखान्याला दोन एकर विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक आधी वर तारांकडे पाहते आणि मग भाव पाडून मागते. मालकी आमची, भोग आमचा आणि वापर त्यांचा!

मोबदल्याची कहाणीही ऐका. १८८५ च्या कायद्यात 'संपूर्ण नुकसानभरपाई' असे शब्द आहेत. संपूर्ण म्हणजे किती, हे ठरवायला सरकारला शंभरावर वर्षे लागली. २०१५ च्या ऑक्टोबरात केंद्राने सूचना काढली. टॉवरच्या चार पायांमधल्या जागेला जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के, तारांखालच्या पट्ट्याला जास्तीत जास्त १५ टक्के. २०१७ च्या मे महिन्यात महाराष्ट्राने टॉवरच्या जागेला दुप्पट किंमत ठरवली, पट्ट्याला १५ टक्केच ठेवले. जून २०२४ मध्ये केंद्राने टॉवरच्या जागेला २०० टक्के आणि पट्ट्याला ३० टक्के असे आकडे दिले. आकडे वाढले, हे खरे. ते साहेबांच्या मायेने वाढले नाहीत. ठिकठिकाणच्या शेतकऱ्यांनी कामे अडवली, म्हणून वाढले. पण तीन गोष्टी ध्यानात धरा. केंद्राची मार्गदर्शक सूचना म्हणजे कायदा नव्हे. टक्के वाढले तरी मूळ किंमत कोण ठरवतो, हा प्रश्न तसाच राहतो. जिरायत जमिनीचा सरकारी दर आणि बाजारातला भाव यांतले अंतर सगळ्यांना ठाऊक आहे. आणि पैसा एकदाच मिळतो, टॉवर मात्र नातवाच्या काळातही उभा असतो.

याच्या शेजारी मोबाइलचा टॉवर ठेवून पाहा. गावात कोणाच्या गच्चीवर किंवा मोकळ्या प्लॉटवर तो उभा राहतो तेव्हा कंपनीचा माणूस घरी येतो, चहा घेतो, करारपत्र करतो. भाडे ठरते, काही वर्षांनी ते वाढते, मुदत संपली की पुन्हा बोलणे होते. तोही टॉवरच, तोही देशाच्या कामाचाच. फरक एवढाच की तिथे कंपनी मालकाला विचारते आणि इथे पोलीस घेऊन येते.

परवानगीत केवढी ताकद असते, ते एका दूरच्या देशातून पाहू. कॅनडात क्यूबेक नावाचा प्रांत आहे. हिवाळ्यात तिथली शेते बर्फाखाली जातात. बर्फावरून पळणारी, मोटारसायकलसारखी एक गाडी असते. शहरातले हौशी लोक त्या गाड्या घेऊन शेकडो मैल फिरतात, आणि त्यांचे रस्ते पुष्कळ ठिकाणी शेतकऱ्यांच्या खासगी जमिनीतून जातात. तेव्हा शेतात पीक नसते, तरीही गाडीवाल्यांच्या क्लबांना शेतकऱ्याची परवानगी घ्यावी लागते. आखलेली वाट सोडून कोणी गाडी दुसरीकडे घातली तर शेतकरी रस्ता बंद करू शकतो. २०१०-११ च्या हिवाळ्यात शेतमालाच्या उत्पन्न-विम्यावरून तिथल्या शेतकऱ्यांचे सरकारशी भांडण झाले. तेव्हा त्यांच्या संघटनेने सभासदांना सांगितले की यंदा परवानगी देऊ नका. रस्ते अडले आणि सरकारला बोलणी करावी लागली. तिथे मौजेच्या गाडीलाही शेतकऱ्याचा होकार लागतो. आमच्या उभ्या पिकात पोकलेन घालायला लागत नाही. तो होकार हातात असेल तर शेतकऱ्याला कोणाच्या दारात अर्ज घेऊन उभे राहावे लागत नाही, समोरचाच त्याच्या दारी येतो.

"मग देशाला वीज कशी मिळायची? एकाने अडवले तर सगळी लाइन अडेल," असे शहाणे लोक विचारतात. आम्ही विजेच्या विरोधात नाही. विजेची किंमत आमच्याइतकी कोणाला कळली आहे? डोक्यावरून हजारो मेगावॅट जात असताना थ्री-फेजच्या रात्रपाळीसाठी साप-विंचवातून पाणी द्यायला आम्हीच गेलो आहोत. आमचे म्हणणे सरळ आहे. टॉवरचे लोखंड कंपनी बाजारभावाने घेते. सिमेंट, तांब्या-अ‍ॅल्युमिनियमची तार, इंजिनिअरचा पगार, बँकेचे व्याज सगळे बाजारभावाने देते. त्या पोलादवाल्याला कोणी सांगत नाही की राष्ट्रकार्य आहे, माल ठेवून जा. फक्त शेतकऱ्याची जमीन आली की राष्ट्र आठवते. कापसाला भाव मागितला तेव्हाही हेच राष्ट्र आडवे आले होते. आमच्या मालाला भाव नाही आणि आमच्या जमिनीला होकार नाही, ही एकाच दोरीची दोन टोके आहेत.

म्हणून जिल्हा मेळाव्यापुढे आम्ही या मागण्या ठेवतो.

एक, तारेच्या कायद्याचे भूत वीज कायद्यातून कायमचे उतरवा. लेखी संमतीशिवाय वावरात चाक शिरणार नाही, असा कायदा करा.

दोन, एकदाच्या मोबदल्याबरोबर टॉवर आणि पट्टा या दोन्हींचे दरसाल भाडे द्या. भाडे ठराविक वर्षांनी वाढले पाहिजे.

तीन, नोटीस सातबाऱ्यावरच्या प्रत्येक नावाला मिळाली पाहिजे. लक्ष्मीमुक्तीत ज्या मायबहिणींच्या नावावर जमीन झाली, त्यांच्या सहीवाचून सहमती झाली असे मानू नका. ठोक्याने किंवा बटईने वाहणाऱ्याच्या पिकाचे पैसे त्याच्याच हाती पडले पाहिजेत.

चार, पेरणीपासून शेवटच्या वेच्यापर्यंत काम बंद. काम करायचेच असेल तर पिकाचा पूर्ण बाजारभाव आधी द्या.

पाच, टॉवर शक्य तिथे धुऱ्यावर घ्या. वरची माती वेगळी काढून वरच टाका, धुरे आणि नाल्या नीट करून द्या.

कायदा बदलेपर्यंत हात बांधून बसायचे नाही. यंत्र धुऱ्यावर आले की पहिला शब्द हा, कागद दाखवा. १६४ खालचा आदेश, मंजूर लाइनीचा नकाशा, आणि आम्ही नाही म्हटल्यावर जिल्हा दंडाधिकाऱ्याने दिलेला लेखी आदेश. आपली हरकत तोंडी सांगू नका. लेखी द्या, पोच घ्या. कोऱ्या स्टँपवर, कोऱ्या पावतीवर अंगठा किंवा सही नको. यंत्र शिरण्याआधी पिकाचे, धुऱ्याचे, झाडांचे फोटो काढा. पंचनामा दोन पंचांसमोर करा आणि त्याची नक्कल त्याच दिवशी घ्या. भरपाई कमी वाटली तर त्याच जुन्या कायद्याच्या कलम १६ खाली जिल्हा न्यायाधीशाकडे दाद मागता येते, हे विसरू नका. दंडाधिकाऱ्याचा आदेश झाल्यावर एकट्याने आडवे पडू नका, तो गुन्हा धरला जातो. त्याआधीच सगळे गाव एकत्र करा. लाइन एका वावरातून जात नाही, पन्नास वावरांतून जाते. कंपनी पन्नास जणांना वेगवेगळे गाठते आणि प्रत्येकाला वेगळा आकडा सांगते. पन्नास जणांनी एकच आकडा सांगितला की तिचे गणित बिघडते.

मेळाव्याला येताना ज्यांच्या वावरात लाइन गेली आहे किंवा खुणा पडल्या आहेत, त्यांनी सातबारा, मिळालेली नोटीस आणि पैशाची पावती सोबत आणावी. गावागावांचे आकडे एका कागदावर मांडू. कोणाला किती दिले आणि कोणाला फसवले, ते सगळ्यांसमोर येऊ द्या.

गाय मुकी असते, तिला धुरा कळत नाही, तरी तिला कोंडवाड्यात जावे लागते. ज्यांना नकाशा कळतो, कायदा कळतो आणि धुराही कळतो, त्यांनी आमच्या वावरात पाय ठेवण्याआधी विचारलेच पाहिजे.

आधी होकार, मग टॉवर!